गिमिलिओसाठी अर्धा दिवस : युरोप सहलींच्या मराठी संयोजकांना खुले पत्र

प्रति,
फ्रान्स आणि पश्चिम युरोपच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटनसंस्थांचे संचालक व सहल-व्यवस्थापक यांस,

विषय : ब्रिटनीतील गिमिलिओ गावचा वारसा आणि तेथे थांबणाऱ्या आपल्या सहली

सप्रेम नमस्कार.

गेली अकरा वर्षे मी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीतल्या मोर्ले या गावी राहते. घराबाहेर मराठी कानांवर पडण्याचे प्रसंग या काळात बोटांवर मोजण्याइतकेच आले. त्यामुळे मागील जून महिन्यात सासूबाईंना गिमिलिओचे चर्च आणि त्याच्या आवारातील दगडी शिल्पांचे स्मारक दाखवायला नेले असता आवाराच्या भिंतीपलीकडून ‘अहो, छत्री बसमध्येच राहिली की!’ हे शब्द ऐकू आले, तेव्हा आम्हा दोघींना किती आनंद झाला ते परदेशी राहिलेल्यांनाच कळेल. तो आनंद पुढील वीस मिनिटांत कसा ओसरला, हे सांगण्यासाठी आणि त्यातून सुचलेली एक विनंती आपणापुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बसमधून चाळीसेक मंडळी उतरली होती. सहल-व्यवस्थापकांनी हातातील झेंडा उंच धरून सर्वांना गोळा केले आणि सांगितले की, हे स्मारक इथल्या राजाने गावाला बांधून दिले, राक्षसांच्या तावडीत सापडलेली जी उघडी स्त्री दगडात दिसते ती एक दुष्ट राणी होती, आणि आता प्रत्येकाने फोटो काढून वीस मिनिटांत बसमध्ये परत यावे. दोन तरुण लगेच चौथऱ्यावर चढले. एकाने सोळाव्या शतकातील सैनिकाच्या खांद्यावर हात टाकला आणि दुसऱ्याने त्याचा फोटो घेतला. कुंपणाच्या भिंतीपाशी उभे असलेले गावातील एक वृद्ध गृहस्थ हे सारे पाहत होते. ते काही बोलले नाहीत, थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. सासूबाई मला म्हणाल्या, ‘पंढरपूरला कुणी असं केलं असतं तर?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या चाळीस जणांत वसईच्या एक आजी होत्या, आणि हे पत्र लिहिण्याचे बळ मला त्यांच्यामुळेच आले. व्यवस्थापकांचे बोलणे त्यांनी ऐकलेच नाही. त्या सरळ शिल्पांच्या रांगेपाशी गेल्या आणि सोबतच्या दोघीतिघींना एकेक दृश्य दाखवू लागल्या: ‘हे बघ, झावळ्यांचा रविवार. गाढवावर बसलेत ना? हे पाय धुतायत, म्हणजे पवित्र गुरुवार. हे शेवटचं भोजन.’ फ्रेंच किंवा ब्रिटनीच्या ब्रेतों भाषेचा एक शब्दही न जाणणारी ही बाई साडेचारशे वर्षांपूर्वीच्या मजकुराचे वाचन अडखळल्याशिवाय करत होती. ज्यांच्यासाठी हे दगड कोरले गेले, त्या निरक्षर शेतकऱ्यांनीही ते नेमके असेच वाचले असणार. आजींचे वाचन अर्ध्यावर आले असताना शिटी वाजली.

ती बस कोणत्या संस्थेची होती हे मी लिहिणार नाही. तसे लिहून एकाला दोष लागेल आणि बाकीचे मोकळे सुटतील, पण वीस मिनिटांचा थांबा आपल्यापैकी बहुतेकांच्या कार्यक्रमपत्रिकेत सारखाच आढळतो. माझे म्हणणे इतकेच आहे की, गिमिलिओ हे नुसते ‘पाहण्याचे’ ठिकाण नाही. तेथे जे आहे ते वाचावे लागते, आणि वाचायला वेळ लागतो. तो वेळ देणे शक्य नसेल, तर गिमिलिओ वगळून पुढे जाणेच बरे.

प्रथम त्या ‘राजा’विषयी. हे स्मारक राजाने बांधलेले नाही, सरदाराने नाही, बिशपानेही नाही. ते गावातल्या शेतकऱ्यांनी बांधले, आणि तेही कापडाच्या पैशातून. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच वनस्पतीच्या खोडातून लिननचा धागा निघतो. ब्रिटनीच्या उत्तर-पश्चिम भागाला, म्हणजे जुन्या लेओं प्रांताला, या धाग्याने सोळाव्या आणि सतराव्या शतकांत श्रीमंत केले. पेरणीचे बी बाल्टिक समुद्राकडून जहाजाने रोस्कॉफ बंदरात येई. पीक कापत नसत, मुळासकट उपटत. आपल्याकडे अंबाडी पाण्यात कुजवून तिचा वाख काढतात तसेच ते पाण्यात कुजवून, बडवून, विंचरून त्याचा वाख काढत आणि घरोघरच्या बायका तो कातत. त्यानंतरचा टप्पा खास इथला होता. कापड विणून झाल्यावर ते पांढरे करण्याऐवजी येथे सूतच आधी पांढरे करून घेत. त्यासाठी ओढ्याच्या काठी दगडी छोटी घरे बांधलेली असत. त्यांना ब्रेतों भाषेत ‘कान्दी’, म्हणजे धुण्याचे घर, असे म्हणतात. लाकडाच्या राखेच्या पाण्यात सूत पुन्हापुन्हा उकळायचे, ओढ्यात धुवायचे, कुरणावर पसरून ठेवायचे, असे कित्येकदा करावे लागे. या पांढऱ्या सुतापासून विणलेल्या कापडाचे नाव ‘क्रे’. ते मोर्लेच्या व्यापाऱ्यांकडे जाई आणि तेथून इंग्लंड, स्पेन व पोर्तुगालला रवाना होई. शेती, विणकाम आणि व्यापार या तिन्हींत पाय रोवून सधन झालेल्या या शेतकऱ्यांना ‘जुलोदेद’ म्हणत. पडक्या छपराच्या काही कान्दी या परिसरातील ओढ्यांकाठी आजही दिसतात. आपल्या प्रवाशांना यांपैकी एखादी दाखवली, तर दगडी वैभवामागचा पैसा कुठून आला हे त्यांना न सांगता कळेल.

हा पैसा या लोकांनी स्वतःच्या वाड्यांवर फारसा उधळला नाही, तो धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्तीच्या, चर्चवर खर्च केला. हिशेब ‘फाब्रिक’ नावाच्या मंडळाकडे असे. आपल्याकडील देवस्थानच्या पंचकमिटीशी त्याची तुलना करता येईल, कारण त्यात गावातलेच गृहस्थ असत आणि वर्गणी, दाने, कारागिरांशी ठरलेले व्यवहार, सारे त्यांच्या हातून होई. आणि कमिटी आली की शेजारच्या गावाशी चढाओढ आलीच! गिमिलिओचे काल्वेर, म्हणजे क्रूसाभोवती उभारलेले शिल्पसमूहाचे स्मारक, १५८१ ते १५८८ या काळात तयार झाले. सँ-तेगोनेकने आपले काल्वेर १६१० साली उभे केले. लाँपोल-गिमिलिओच्या लोकांनी १५७३ मध्ये घंटेचा मनोरा सुमारे ७० मीटर उंच नेला, पण १८०९ साली त्यावर वीज पडून शिखर कोसळले आणि तो मनोरा आजही बोडकाच उभा आहे. ही तिन्ही गावे एकमेकांपासून काही किलोमीटरांवर आहेत. शेजारच्या गावाचा कळस आपल्यापेक्षा उंच झाल्यावर झोप उडणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता काल्वेरविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण आपल्या प्रवाशांचा बहुतेक वेळ तेथेच जातो. अष्टकोनी दगडी चौथरा, त्याला चारी बाजूंनी कमानीदार आधार, त्या आधारांवर चार शुभवर्तमानकार (बायबलमधील येशूचरित्रांचे लेखक), भोवती येशूच्या जीवनातील प्रसंगांची दृश्ये आणि सर्वांच्या वर एकच उंच क्रूस, अशी त्याची रचना आहे. आकृत्या दोनशेहून अधिक आहेत. कोरीव कामासाठी वापरलेला दगड ब्रेस्तच्या खाडीकाठच्या खाणींतील असून त्याला ‘केरसाँतों’ म्हणतात. तो करडा-काळसर, बारीक कणांचा असतो, खाणीतून नुकताच काढलेला असताना छिन्नीला सहज वश होतो आणि ब्रिटनीच्या अखंड पावसाला मात्र शतकानुशतके दाद देत नाही. त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. एका सैनिकाच्या टोपीच्या काठावर थेंब जमत होता, फुगत होता, सुटून त्याच्या छातीवरच्या बटणांवर पडत होता, आणि दगड ओला झाल्यामुळे बाहीची प्रत्येक चुणी कोरड्या दिवसापेक्षा दुप्पट स्पष्ट दिसत होती. पाऊस आला की आपल्याकडचे लोक बसकडे धावतात, पण केरसाँतों पाहण्याची खरी वेळ तीच असते.

या सैनिकांच्या अंगावर रोमन पोशाख नाहीत, हेही कुणीतरी प्रवाशांच्या लक्षात आणून दिले पाहिजे. शिल्पकारांनी त्यांना स्वतःच्या काळातील, म्हणजे सोळाव्या शतकातील फ्रान्सचे कपडे चढवले आहेत. आपल्याकडे एखाद्या शिल्पकाराने पौराणिक द्वारपालाच्या कमरेला मराठेशाहीतली कट्यार खोचावी, तसा हा प्रकार आहे. जेरुसलेममधील घटना या गावाच्या रस्त्यावर काल घडली असे पाहणाऱ्याला वाटावे, हाच त्यामागचा हेतू असणार. क्रूस वाहून नेण्याच्या दृश्यात ढोल वाजवणारा माणूसही आहे. वरच्या क्रूसावर मरिया आणि योहान यांच्याबरोबर संत पेत्र व ब्रिटनीचे लाडके संत इव हेही उभे आहेत. हे इव तेराव्या शतकातील वकील-न्यायाधीश होते. वकील असून गरिबांची बाजू घेत, म्हणून संत झाले, असे येथे विनोदाने म्हणतात. दृश्ये कालक्रमाने मांडलेली नाहीत, त्यामुळे एका टोकापासून सुरुवात करणाऱ्याचा गोंधळ उडतो. वसईच्या आजींचा तो उडाला नाही, कारण त्यांना कथा पाठ होती. ज्यांना ती पाठ नाही त्यांना ती आदल्या दिवशी बसमध्ये दहा मिनिटांत सांगता येईल. पॅरिसच्या वाटेवर लावली जाणारी अंताक्षरी तेवढ्यापुरती बाजूला ठेवता येईल.

आणि ती ‘दुष्ट राणी’. तिचे नाव कातेल गोल्लेत, म्हणजे वाया गेलेली, मुक्तीला मुकलेली कातेल. ती राणी नव्हती. लोककथेच्या एका रूपानुसार ती एक तरुण मोलकरीण होती. पापनिवेदनाच्या वेळी तिने स्वतःचे पाप धर्मगुरूपासून लपवले आणि देखण्या प्रियकराच्या रूपात आलेल्या सैतानासाठी पवित्र ख्रिस्तप्रसाद चोरला. दुसऱ्या रूपात ती नाचाची इतकी वेडी होती की रात्रभर नाचून जो थकणार नाही त्यालाच वरीन असा तिचा पण होता. शिल्पात नखे असलेले सैतान तिला अक्राळविक्राळ जबड्याकडे ओढताना दिसतात. बायबलमधील प्रसंगांच्या रांगेत या गावठी मुलीला जागा मिळाली आहे, हे विशेष आहे. चर्चला येणाऱ्या तरुण मुलींना तो दगडी दम होता, आणि त्या दमात बाईच्याच वाट्याला नरक कसा आला, असा प्रश्न आजच्या पाहणाऱ्याला पडला तर तोही योग्यच आहे. ‘दुष्ट राणी’ म्हटल्यावर मात्र हा प्रश्नच पडत नाही. राण्या दुष्ट असतातच, असे मानून लोक पुढे सरकतात.

गिमिलिओला एक राजा जरूर आहे, आणि व्यवस्थापकांच्या गोंधळाचे मूळ बहुधा त्याच्यातच असावे. तो म्हणजे संत मिलिओ, ज्याच्यावरून गावाला नाव पडले. नावाचा पहिला भाग ‘गुइक’, म्हणजे धर्मग्रामाचे मुख्य गाव. त्याला मिलिओ जोडून गिमिलिओ झाले. ब्रेतों भाषेतील पाटीवर ते ग्विमिलिओ असे लिहिलेले असते. जवळच्या लाँपोलमध्ये ‘लान’ म्हणजे पवित्र स्थान, तर ज्या गावांची नावे ‘प्लू’ने सुरू होतात ती जुनी धर्मग्रामे. आपल्याकडे खुर्द, बुद्रुक, वाडी यांवरून गावाची कुळकथा लागते, तशीच येथेही लागते. दंतकथेप्रमाणे मिलिओ हा सहाव्या शतकातील न्यायी राजा होता आणि सिंहासनाच्या लोभाने त्याचा भाऊ रिवोद याने त्याचा वध केला. मिलिओचा कोवळा मुलगा मेलार याचा उजवा हात आणि डावा पाय या काकाने तोडविला, कारण अपंगाला राज्य करता येत नसे. पुढे चांदीचा हात आणि पितळी पाय बसवल्यावर ते जिवंत अवयवांसारखे वाढू लागले, अशी कथा आहे. अखेर काकाने त्यालाही मारविले. शनिवारवाड्यातील ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी ज्यांच्या लहानपणी अंगावर काटा आणत असे, त्या आपल्या प्रवाशांना ही कथा एकदा सांगून पाहावी. चर्चमधील संत मिलिओच्या वेदीपाशी त्यांना मग कुणी हाताला धरून न्यावे लागणार नाही.

चर्चच्या आत तर बहुतेक सहली जातच नाहीत, आणि मला सर्वांत जास्त खंत त्याचीच वाटते. १६०६ ते १६१७ या काळातील दक्षिणेकडचा मुखमंडप ओलांडताना दोन्ही बाजूंना प्रेषितांचे पुतळे आहेत. त्यांच्या पायांखालच्या पट्टीत डावीकडे वाकून पाहिले, तर आदामाच्या कुशीतून हव्वेला घडवण्याचे छोटेसे दृश्य दिसते. माणसे नेमकी त्याच्याकडे पाठ करून सेल्फी घेतात. आत शिरल्यावर बाप्तिस्म्याच्या कुंडावरची ओक लाकडाची छत्री दिसते. १६७५ सालची ही छत्री नागमोडी पिळाच्या खांबांवर उभी आहे आणि त्या खांबांवर चढलेल्या वेलींची पाने मोजायला बसले तर दुपार सरेल. दोन वर्षांनी, १६७७ मध्ये, प्रवचनपीठ आले. संत योसेफाच्या वेदीवर पुन्हा संत इव भेटतात, श्रीमंत आणि गरीब यांच्या मध्ये उभे असलेले. त्याच वेदीवर आंधळे संत एर्वे आणि त्यांचा लांडगाही आहे. लांडग्याने एर्वेंचे जनावर खाल्ले, तेव्हा त्याचीच मान जुवाखाली दिली, अशी ती कथा.

वर पाहिले की ऑर्गन दिसतो. तो घडवणारे तोमास दालाम हे मूळ इंग्लिश घराण्यातले. त्यांच्याच नावाचे आजोबा १५९९ साली राणी एलिझाबेथच्या वतीने ऑटोमन सुलतानाला स्वयंचलित ऑर्गन भेट देण्यासाठी इस्तंबूलपर्यंत गेले होते. इंग्लंडमध्ये प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाचा जोर झाल्यावर १६४४ मध्ये तेथील संसदेने चर्चमधील ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम काढला आणि एका पिढीजात धंद्याचे पोट गेले. कॅथलिक असलेले हे कुटुंब याच धामधुमीच्या काळात समुद्र ओलांडून ब्रिटनीत आले आणि येथील गावोगावी ऑर्गन बांधू लागले. ऑर्गनच्या सज्जावर कोरलेल्या लाकडी चित्रांत एका बाजूला वीणेसारखे वाद्य वाजवणारा दावीद आहे, तर दुसरीकडे सिकंदराचा विजयोत्सव आहे. आपल्या पंजाबातून परत फिरलेला सिकंदर ब्रिटनीतल्या एका खेड्यात, विस्थापित इंग्लिश कारागिराच्या वाद्याखाली, काय करतो आहे, याचा विचार करत मी कित्येकदा त्या बाकांवर बसले आहे.

आवारातील उरलेल्या दोन वास्तूंविषयी थोडक्यात लिहिते. १६४८ चे अंत्यविधीचे देवघर आहे, त्याच्या एका खिडकीतच बाहेरच्या जमावासाठी प्रवचनपीठ बसवलेले आहे. १६८३ चे वस्त्रागार आहे. त्यानंतर काळ फिरला. चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोलबेर याच्या जकात धोरणाने इंग्लंडशी व्यापार बिघडला, सतराव्या शतकाच्या शेवटी युद्धे सुरू झाली आणि इंग्लंडचा बाजार तुटला. माझ्या मते, लेओंचे हे वैभव आपल्यापर्यंत पोचले त्याला ती गरिबीही कारण आहे. पैसा राहिला असता तर पुढच्या पिढ्यांनी नव्या चालीप्रमाणे जुने मोडून नवे बांधले असते. जीर्णोद्धाराच्या नावाखाली आपल्याकडच्या किती देवळांना ऑइलपेंट आणि टाइल्स लागल्या, हे आपण जाणतोच.

आजच्या परिस्थितीविषयी एक गोष्ट आपल्याला ठाऊक असणे आवश्यक आहे. धर्मसंस्था व शासन यांची फारकत करणारा कायदा फ्रान्समध्ये ९ डिसेंबर १९०५ रोजी झाला आणि त्याच्या अंमलबजावणीतून गावोगावची जुनी चर्चे कम्यूनच्या, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीच्या, मालकीची झाली. गिमिलिओची वस्ती सुमारे हजार आहे. या हजार माणसांकडे वर सांगितलेल्या सर्व वस्तूंची मालकी आहे आणि छप्पर गळण्यापासून लाकडाला कीड लागण्यापर्यंतची काळजीही त्यांनाच वाहावी लागते. संरक्षित स्मारक असल्यामुळे सरकारी मदत मिळते, पण गावाचा वाटा चुकत नाही. शेजारच्या सँ-तेगोनेकमध्ये १९९८ साली चर्चला आग लागली, छप्पर आणि आतील मौल्यवान लाकूडकाम होरपळले आणि दुरुस्ती पूर्ण व्हायला २००५ उजाडले. त्यामुळे चौथऱ्यावर चढलेल्या दोन तरुणांकडे पाहणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थांच्या नजरेत परकीयांविषयीचा राग मला दिसला नाही. स्वतःच्या घरातील वडिलोपार्जित भांडे कुणी पाहुण्याने निष्काळजीपणे हाताळावे, तसे त्यांना वाटले असावे.

म्हणून विनंती अशी आहे. गिमिलिओला चाळीस-पन्नास जणांची बस एकदम रिकामी करू नये. वीस-बावीस माणसांचा गट असेल तरच शिल्पांपाशी प्रत्येकाला उभे राहता येते आणि आवाज न चढवता बोलता येते. मोठा गट असेल तर त्याचे दोन भाग करून एकाला लाँपोलच्या चर्चमधील रंगीत लाकडी तुळई आणि वेद्या पाहायला पाठवावे, दुसऱ्याला गिमिलिओत ठेवावे आणि नंतर अदलाबदल करावी. अंतर कमी असल्याने इंधनाचा फरकही नगण्य आहे. अर्धा दिवस द्यावा. पॅरिसहून मोर्लेला जलद रेल्वेने तीन-साडेतीन तासांत येता येते, त्यामुळे ‘फार आडबाजूला आहे’ ही सबब आता चालणारी नाही. चर्चमध्ये मिस्सा किंवा अंत्यविधी चालू असू शकतो, तेव्हा आदल्या दिवशी दूरध्वनी करून विचारावे. अंत्ययात्रा सुरू असताना टोप्या घातलेली मंडळी आत शिरलेली मी पाहिली आहेत, आणि ती केवळ मराठीच होती असे नाही. चौथऱ्यावर कुणी चढणार नाही, हे बसमध्येच सांगावे.

आणि जेवणाविषयी. आपल्या बसबरोबर महाराज असतात, डबे असतात, युरोपात पुरणपोळी वाढल्याची जाहिरातही असते. त्याबद्दल तक्रार नाही, ज्येष्ठांची त्यामुळे सोय होते. मात्र त्या एका दिवशी डबे उघडू नयेत. कुट्टूच्या पिठाचा पातळ, जाळीदार ‘गालेत’ म्हणजे आपल्या घावनाचा चुलत भाऊच आहे. चीज आणि मशरूम घातलेला गालेत शाकाहारी माणसाला निर्धास्त खाता येतो, फक्त अंडे व हॅम नको असे आधी सांगावे लागते. जवळपासच्या एखाद्या छोट्या उपाहारगृहात वीस माणसे जेवली, तर या टापूला आपल्या भेटीचा काही उपयोग झाला असे होईल. चर्चच्या दानपेटीत प्रत्येकाने एक-दोन युरो टाकले, तरी आपण शिल्पांचे फोटो फुकट नेले नाहीत एवढे समाधान राहील.

माहितीपत्रकात कृपया ‘परीकथेतील गाव’ असे लिहू नये. गिमिलिओत परीकथेसारखे काही नाही. सकाळी रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात, वाऱ्याची दिशा बदलली की शेतात टाकलेल्या खताचा वास चर्चच्या दारापर्यंत येतो, आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. ज्या लोकांनी हे आवार बांधले, तेही असेच मातीत हात असलेले लोक होते. माहितीपत्रकात लिहायचेच तर तेच लिहावे.

आपल्यापैकी ज्या संस्था पुढील हंगामात ब्रिटनीचा विचार करत असतील, त्यांच्या व्यवस्थापकांसाठी मी मराठीत दहा-बारा पानांचे टिपण तयार करत आहे. त्यात काल्वेरवरील दृश्ये कोणत्या बाजूला कोणती, याचा आराखडा असेल. माझ्या सवडीचा दिवस असेल तर मी स्वतः गटाबरोबर यायला तयार आहे, आणि त्याचे मानधन नको. अट एकच, शिटी वाजवायची नाही. आणि वसईच्या त्या आजी ज्या संस्थेबरोबर आल्या होत्या तिने त्यांचा पत्ता शोधून त्यांना माझा निरोप द्यावा: त्यांचे वाचन जेथे थांबले, तेथून पुढे आणखी कितीतरी दृश्ये शिल्लक आहेत, आणि मोर्लेला आमच्या घरी एक खोली रिकामी आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
मोर्ले येथे राहणारी एक मराठी वाचक

ता. क. जून असो वा ऑगस्ट, छत्री बसमध्ये ठेवू नये.